दान पडलं, आता काय?

मागच्या अंकात मी सहज एक ओळ टाकली होती, की कुणी मराठीत रोलप्लेइंग गेम लिहीत असेल तर कळवा. वाटलं होतं एखादं पत्र येईल. आली ती बरीच. सगळी छापणं शक्य नाही म्हणून पाच निवडलीयत, त्यातलं दुसरं जरा लांबलंय, पण ते लांबायलाच हवं होतं.

प्रश्न : मुलगा कॉलेजला आहे. दर शनिवारी चार पोरं आमच्या बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, बसतात, फासे टाकतात आणि ‘मी दार फोडतो’, ‘मेलो रे मेलो’ असं ओरडत असतात. पैसे कुठे दिसत नाहीत, पण फासे म्हटल्यावर छातीत धस्स होतं. हा जुगारच ना? (एक आई, फोंडा)

नाही हो ताई. मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींवर पडतात ते फासे वेगळे. हे म्हणजे आपल्या उत्सवातल्या नाटकासारखं समजा, फक्त संहिता नाही, प्रॉम्प्टर नाही, तालीम नाही. एक जण सूत्रधार असतो, तो सांगतो की समोर काय आहे, बाकीचे आपापलं पात्र घेऊन सांगतात की आम्ही काय करतो, आणि जमलं की नाही यावर वाद होऊ नये म्हणून फासा. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स काढला, तिथून हा प्रकार पसरला. आता मोठ्या कंपन्यांचे गेम आहेत तसे एकट्या-दुकट्याने घरी बसून लिहिलेले, स्वतःच पीडीएफ करून विकलेलेही ढीगभर आहेत, त्यांना इंडी म्हणतात. पोरांना चहा द्या आणि जमलं तर अर्धा तास बाजूला बसून ऐका. मजा येते.

प्रश्न : माझ्या मित्राने दीड वर्ष खपून मराठीत गेम लिहिलाय, ४८ पानांची पीडीएफ. खाजन शेतीचा (खाऱ्या नदीकाठी बांध घालून केलेल्या भातशेतीचा) गाव, पावसाळा, बांध फुटायला आलाय आणि राखणदार, म्हणजे गावाचा रक्षक देव, कोपलाय. मला वाचायला दिला, मी दोन दिवसांनी ‘मस्त आहे रे’ एवढंच लिहून पाठवलं. खरं सांगायचं तर मला अर्ध्याच्या पुढे जाताच आलं नाही. आता तो छापायला देतोय. मैत्री न तोडता खरं कसं सांगू? पीडीएफ त्याला विचारूनच सोबत पाठवतोय, नावं छापू नका. (डिचोलीचा एक वाचक)

‘मस्त आहे रे’ हे सगळ्यात वाईट मत. शिवी परवडली, शिवीत निदान कुठे दुखलं ते तरी कळतं. दीड वर्ष खपलेल्या माणसाला यातून दुरुस्त करण्यासारखं काहीएक मिळत नाही, आणि वर तो समजतो की पुस्तक तयार आहे.

पण नुसतं वाचून मत द्यायला मलाही बरं वाटेना, म्हणून तुमच्या मित्रालाच फोन केला आणि एका रविवारी म्हापशाला बोलावलं. चार खेळाडू जमवले ज्यांनी ही पीडीएफ पाहिलेली नव्हती, आणि तशीच एक पाचवी सूत्रधार झाली. बाहेर धो धो पाऊस, वीज दोनदा गेली. तुमच्या मित्राला कोपऱ्यात खुर्ची दिली, उंडो आणि पातळभाजी दिली, आणि एकच अट घातली की तोंड उघडायचं नाही. पुस्तक विकत घेणाऱ्याच्या घरी तू पुस्तकासोबत जाणार आहेस का? नाही ना, मग गप्प बस. तो जेव्हा जेव्हा बोलेल तेव्हा जे पान उघडं असेल त्यावर मी पेन्सिलने फुली मारणार. आठ मिनिटं टिकला बिचारा. संध्याकाळपर्यंत अकरा फुल्या झाल्या. त्या अकरा फुल्या म्हणजे खरी टीका, त्यातली एकही माझ्या आवडीनिवडीतून आलेली नाही, लेखकानेच स्वतःच्या तोंडाने दिलेली आहे.

पहिली फुली दाखवतो. पुस्तकातलं वाक्य असं : ‘बांधाचे निरीक्षण करताना खेळाडू परिस्थितीचे आकलन करून योग्य तो निर्णय घेईल व त्यानुसार परिणाम निश्चित होतील.’ चौघांनी वाचलं आणि तीन अर्थ निघाले. एक म्हणाला फासे टाकायचेत, दुसरी म्हणाली नाही, सूत्रधार ठरवेल, तिसरा म्हणाला निर्णय माझा तर परिणामही माझा. चौथा भजी खात होता. मग कोपऱ्यातून आवाज आला, ‘अरे सोपं आहे, बांधावर नजर टाकलीस की दोन फासे टाक, दहा किंवा वर आलं तर सूत्रधाराला दोन प्रश्न विचार, तो खोटं बोलणार नाही.’ झालं! हेच लिही ना मग! तोंडातून निघालं तो नियम, आणि कागदावर उतरलं ते तलाठ्याचं पत्र. ही आपल्याकडची जुनी खोड आहे, छापायचं म्हटलं की आपण ‘करण्यात येईल’ मध्ये शिरतो. गोष्टीच्या पुस्तकात ते एकवेळ चालून जाईल, नियमात नाही चालत, कारण नियमाचं वाक्य वाचून समोरच्याला लगेच हात हलवायचा असतो.

दुसरी, तिसरी आणि सहावी फुली एकाच कारणाची. पान ९ वर ‘दान’, पान १४ वर ‘फेक’, पान २० वर ‘चाचणी’. शाळेत निबंधाला शिकवलं होतं की तोच शब्द पुन्हा वापरू नये, ते इथे उलटं करायचं. दान म्हटलं की शेवटपर्यंत दानच. वाचणाऱ्याला वाटतं शब्द बदलला म्हणजे काहीतरी वेगळं करायचंय, आणि तो बिचारा ‘चाचणी’चा नियम शोधत पानं उलटतो जो कुठेच नाही. (सूत्रधार हा शब्द मात्र फार छान घेतलाय, तो ठेवा.)

आता हिशोब. हा भाग तुमच्या मित्राने केलेलाच नव्हता आणि मला वाटतं गेमचं खरं दुखणं इथे आहे. दोन फाश्यांची एकूण ३६ दानं. त्यात सहा किंवा खाली पडण्याची १५, सात ते नऊची १५, दहा किंवा वरची फक्त ६. याच्या गेममध्ये बांधाला ८ दगड आहेत, सहा किंवा खाली आलं की एक दगड जातो, आणि सात ते नऊ आलं तर काम होतं पण तरीही एक दगड जातो. म्हणजे ३६ पैकी ३० वेळा दगड गेला! पात्राला दानात एक जादा मिळवता येत असला तरी २६ वेळा. ८ दगड संपायला सरासरी दहाच्या आत दानं लागतात, चार खेळाडू म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला अडीच. आमचा बांध अकराव्या दानाला फुटला, चाळीस मिनिटं झाली होती, आणि मुखपृष्ठावर लिहिलंय ‘तीन तासांचा थरार’. पोरं एकमेकांकडे बघत राहिली, संपलं?

यावर उपाय दगड १६ करणं हा नाही, त्याने फक्त कंटाळा दुप्पट होतो. सात ते नऊला खेळाडूलाच विचारा : बांधाचा दगड देतोस की घरातलं काही देतोस? भाताचं पोतं, होडी, शेजाऱ्याला दिलेला शब्द. तो घरातलं देत राहिला तर दगड फक्त सहा किंवा खाली आलं तरच जातील, म्हणजे एकोणीसेक दानं मिळतात, आणि वर प्रत्येक दानाला एक गोष्ट तयार होते. हा बदल आम्ही तिथल्या तिथे करून दुसऱ्यांदा खेळलो. रात्री साडेआठला सगळ्यांना घरून फोन यायला लागले तेव्हा तीन दगड शिल्लक होते.

मग मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं लाकडी दार. इथे मी थोडा चिडलोच, कारण माझं आजोळ चोडण बेटावरचं, मांडवीतलं. गेममध्ये मानशीचं दार उघडायला आणि बंद करायला दान टाकावं लागतं. अरे, मानस ही चीजच अशी आहे की भरतीला नदीचं पाणी चढलं की त्या दाबाने दार आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पाणी ढकलतं आणि आपोआप उघडतं. माणसाने हात लावायचा तो फळी सडली, मधे लाकूड अडकलं, किंवा कुणी मुद्दाम काही केलं तर. आणि यातच केवढा मोठा नियम फुकट पडलाय बघा. भरतीत दार बंद, म्हणजे वरून पडलेला पाऊस बाहेर जाऊच शकत नाही, शेतात साचत राहतो. सहाएक तासांनी ओहोटी आली की निचरा. म्हणजे एक प्रवेश भरतीचा, एक ओहोटीचा, असं आलटून पालटून चालवलं की गेमला आपोआप श्वास येतो : भरतीत सगळे अडकलेले, भांडणं, संशय, ओहोटीत धावपळ, चिखल, दुरुस्ती. वर अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे लहान, भरती. सूत्रधाराने कालनिर्णय उघडून ठेवायचा की झालं. याच्या पुस्तकात एवढंच आहे की ‘प्रत्येक प्रवेशाअखेर पाणी वाढते’. नदीचं पाणी असं एकाच बाजूला वाढत नाही बाबा.

पान ३१. हे पान मी तुमच्या मित्राला मोठ्याने वाचायला लावलं. तिथे एका चौकटीत, बारीक टायपात, लिहिलंय की मानशीपाशी जी मासळी मिळते तिची पावणी (लिलाव) होते, ज्याने पावणी घेतली त्याला खारं पाणी आत आलेलं हवं असतं कारण पाण्याबरोबर मासळी आणि सुंगटं (कोळंबी) येतात, आणि ज्याचं भात उभं आहे त्याला ते नको असतं. कोरगूट हे खाजनातलं भात खाऱ्याला दाद देत नाही म्हणतात, पण त्यालाही मर्यादा आहे. अहो, हाच तर गेम आहे! दोन शेजारी, दोघांचंही बरोबर, मधे एक लाकडी दार. आणि हे चौकटीत? ४८ पैकी १९ पानं पोर्तुगीजपूर्व काळापासूनचा गावाचा इतिहास, १२ पानं मारामारीचे नियम ज्यात कोयत्याला किती आणि दांड्याला किती ते कोष्टक. मी विचारलं, गावात मारामारी किती वेळा होणार? म्हणाला, बहुतेक नाहीच. मग बारा पानं का? म्हणाला, सगळ्या गेममध्ये असतात. बघा, खेळाडू इतिहास विसरतात पण ज्याला नियम आहे ते करून बघतात, कोष्टक दिसलं की कोयता निघतोच. आमच्यातल्या एकाने दहाव्या मिनिटाला काढला.

उलट राखणदार. त्याच्यावर सहा पानं आहेत, सुंदर लिहिलीयत, खरंच, रात्री बांधावरून चाललेल्या त्याच्या काठीचा आवाज वाचून अंगावर काटा आला. पण नियम एकही नाही. भजीवाल्याने सोरो-रोट (राखणदाराचा दारू-रोटीचा नैवेद्य) ठेवला आणि विचारलं, आता काय होतं? सूत्रधार बाईने सहाही पानं दोनदा चाळली. कोपऱ्यातून उत्तर नाही आलं, ‘मलाही माहीत नाही’ एवढंच आलं. ती नववी फुली मी जरा जोरात मारली.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. तुम्ही अर्ध्यात थांबलात ना, मग कितव्या पानावर थांबलात तेवढंच सांगा. ‘पान २२ वर मी फोन हातात घेतला, तोवर मला माझं पात्र काय करतं हे कळलं नव्हतं.’ यात अपमान नाही, ही माहिती आहे, आणि मित्राशिवाय ती कोण देणार? ‘मी असतो तर भुताचा गेम केला असता’ हे मात्र बोलू नका, तो तुमचा गेम, तुम्ही लिहा. आणि त्याला आधी विचारा की टेबलावर लोकांनी काय करावं असं तुला वाटतं. माझ्या इथे त्याने उत्तर दिलं ते असं : ‘त्यांनी शेजाऱ्याकडे बघून गप्प व्हावं.’ मग प्रत्येक नियमाला एवढंच विचारायचं, याने कुणी गप्प होतं का?

छपाई पुढे ढकललीय म्हणे. माझ्यावर रागावलाय का ते तुम्हीच कळवा.

प्रश्न : सहाला फसलं, सात ते नऊ अर्धं काम, दहाला पूर्ण, हे आम्ही परदेशी गेममधून उचललंय. ही चोरी होते का? (म्हापशाचे दोघे)

मी वकील नाही, पण ढोबळमानाने खेळाची पद्धत कुणाच्या मालकीची नसते, ती सांगणारी वाक्यं असतात. वाक्यं उचललीत तर चोरी, कल्पना घेतलीत तर परंपरा. ही सहा-नऊ-दहाची चाल २०१० च्या अपोकॅलिप्स वर्ल्डने रूढ केली, ते लिहिणाऱ्या बेकर दांपत्याने इतरांना त्यावर गेम बांधायला मोकळीक दिलीय आणि डंजन वर्ल्डसारखे कितीतरी त्यावर उभे आहेत. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियमसुद्धा जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले झाले, श्रेय दिलं की वापरा. पुस्तकात एक ओळ लिहा की कुठून घेतलं, त्यात कमीपणा काय.

मला काळजी वेगळीच वाटते. आकडे घेताना लोक त्यामागचं कारण घेत नाहीत. त्या चालीचा जीव सात ते नऊमध्ये आहे, काम झालं पण किंमत द्या. वरच्या पत्रातला गेम त्यातच फसला, किंमत एकच ठेवली आणि तीही दर वेळी तीच. तुमच्या सात ते नऊपुढे काय लिहिलंय ते मला पाठवा, बाकीचं नाही पाठवलंत तरी चालेल.

प्रश्न : एकाने माझा गेम न खेळताच त्यावर लांबलचक टीका लिहिली. न खेळता बोलायचा हक्क आहे का? आणि गेमला कमीत कमी किती पानं हवीत? (मडगावहून)

हुमणाची (माशाच्या आमटीची) कृती वाचून तुम्ही सोलां (आमसुलं) घालायला विसरलात हे कुणीही सांगेल, त्याला जेवायला बसायची गरज नाही. खारट झालं की नाही ते मात्र जिभेवर घेतल्याशिवाय नाही कळत. तुम्ही टीकेचं कात्रण पाठवलंय त्यात दोन्ही गोष्टी आहेत. ‘पान १२ वर ३ जीव आणि पान २० वर ५’, हे खरंय, मी पाहिलं, मुकाट्याने मान्य करा आणि दुरुस्त करा. ‘लढाई रेंगाळते’, हे त्याने कशावरून लिहिलं देव जाणे, दानं मोजून दाखवली असती तर वेगळी गोष्ट. ते सोडून द्या.

पानांचं म्हणाल तर एकही पुरतं. जॉन हार्परचा २०१३ चा लेझर्स अँड फीलिंग्ज एका पानात आहे : दोन ते पाचमधला एकच आकडा निवडायचा, डोक्याचं काम असेल तर त्याच्या खाली दान पाडायचं, मनाचं असेल तर वर. म्हणजे एकात हुशार झालात की दुसऱ्यात आपोआप ढ. तुमच्या ६० पानांत असं एक तरी वाक्य आहे का ते शोधा, मला सापडलं नाही, पण मी घाईत वाचलं हेही खरं.

प्रश्न : नियम मराठीत लिहिलेत, पण टेबलावर आम्ही सगळे कोंकणीच बोलतो. उदाहरणातले संवाद कोंकणीत लिहिले तर सावंतवाडी-कोल्हापूरच्या वाचकाला अडेल का? (पेडण्याचा गट)

नियमाचं वाक्य एकाच भाषेत ठेवा, तिथे सरमिसळ नको. संवाद खुशाल कोंकणीत. त्या रविवारी दुसऱ्या खेळात एकीने भात लावलेल्या म्हातारीचं पात्र घेतलं होतं, नियम वाचताना ती मराठीत विचारत होती आणि पात्रात शिरली की कोंकणीत, तिला स्वतःलाही कळलं नसेल. भरती चढलेली, तीन दगड राहिलेले, पावणीवाल्याचं पात्र घेतलेला पोरगा समोर. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, ‘मानशीचें दार कोणें उगडलां तें म्हाका खबर आसा.’ फासे टेबलावरच होते, कुणी उचलले नाहीत. टेबलावर एक जण नाशिकचा होता, त्यालाही अर्थ विचारावा लागला नाही. तेव्हा शेवटी शब्दार्थांची यादी वगैरे जोडू नका, उगाच दोन पानं वाढतील.